बॉयलर शांत झालाय

डॉक्टर पाटणकरांनी मला एका वाक्याला फसवलं. पैशाला नाही. पैशाच्या बाबतीत मला फसवेल असा माणूस वूस्टर आणि श्रूजबरी या इथल्या दोन गावांच्या दरम्यान तरी जन्मलेला नाही. एक वाक्य ठरलं होतं, शब्दाशब्दावर घासाघीस करून पक्कं झालं होतं, आणि ते डॉक्टरांनी चार माणसांत, माईकवर म्हणायचं होतं. माझ्याकडचं काम मी पुरं केलं. त्यांच्याकडचं वाक्य अजून यायचंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा मी बॉयलरची कामं करायचो. माझी पांढरी व्हॅन त्या भागातल्या मराठी लोकांना लांबून ओळखू यायची. सोलापुरात कापडाच्या रंगशाळेत मी बॉयलरवर होतो. बहिणीने इकडे बोलावून घेतलं, इथलं लायसन्स काढलं, आणि जे तिकडे कारखान्यात एक धूड होतं, ते इकडे घराघराच्या पोटात लहान होऊन बसलेलं भेटलं. मला फार बरं वाटलं होतं. परक्या देशात पहिला ओळखीचा चेहरा मला लोखंडाचा दिसला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नाही त्यांना सांगतो. इथे हिवाळ्यात घर गरम ठेवावं लागतं. त्यासाठी बेसमेंटमध्ये कपाटाएवढी एक लोखंडी पेटी असते. आत गॅस जळतो, पाणी तापतं, ते पाणी भिंतींच्या कडेने पाइपांतून सगळ्या घरात फिरतं आणि गार होऊन परत येतं. मोठा जाळ लागायचा तेव्हाच लागतो. पण त्या वेळच्या बॉयलरांत एक छोटी ज्योत कायम तेवत असायची. तिला आम्ही पायलट म्हणतो. त्या ज्योतीत बोटाएवढी एक धातूची कांडी असते, थर्मोकपल. ही कांडी तापलेली आहे तोवर ती गॅसच्या व्हॉल्व्हला सांगत राहते, ज्योत आहे, ज्योत आहे. कांडी गार पडली की व्हॉल्व्ह बंद. मग घर हळूहळू गार होत जातं आणि आतली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

ती निळी ज्योत मी आयुष्यात किती वेळ बघत बसलो असेन, सांगता येणार नाही. बाहेर बर्फ पडत असतो. बर्फाला आवाज नसतो, उलट तो जगातले आवाज पुसत जातो. बेसमेंटच्या वरच्या अंगाला असलेल्या छोट्या खिडकीतून पांढरा उजेड आत झिरपतो, जणू आपण तळ्याच्या तळाशी बसलोय आणि वर पाणी गोठलंय. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं फिरतात. आणि समोर बोटभर निळं फूल, न हलणारं. माझा राग मोठा आहे, हे मला ओळखणारे सगळे सांगतील. पण त्या फुलासमोर माझा राग कधी टिकला नाही.

वूस्टरमध्ये एक पोलिश म्हातारी होती. नवरा गेल्यावर तिने खुर्ची बॉयलरशेजारी नेऊन ठेवली आणि तिथेच विणत बसायची. एकदा फोन करून म्हणाली, "याचा आवाज बदललाय." मी गेलो. मला काही ऐकू येईना. "बस जरा," म्हणाली. बसलो. तिने चहा दिला, विणता विणता नवऱ्याच्या गोष्टी सांगितल्या, आणि बऱ्याच वेळाने मलाही तो बदल ऐकू आला. पंपाचं बेअरिंग जायला आलं होतं. तेव्हापासून मी घरात गेलो की आधी गप्प बसायला शिकलो. पुढे उपयोगी पडलं.

आता डॉक्टर. ते श्रूजबरीत राहायचे. फार आधी आलेल्या पिढीतले, हॉस्पिटलात मोठ्या हुद्द्यावर, इथल्या मराठी मंडळात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. सुमनकाकू त्यांच्या पत्नी, सातारच्या, हाताला चव आणि तोंडात साखर. मुलगी रोहिणी हायस्कुलात. मराठी सगळं समजायचं तिला, उत्तर इंग्रजीत यायचं.

त्या वर्षी थंडी सुरू होताना त्यांच्याकडे पाइपांत ठकठक व्हायची. हवा अडकली होती. मी ती काढून दिली, ठकठक थांबली. नंतर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी आमच्या आन्सरिंग मशीनवर काकूंचा निरोप होता.

"बबनराव, सुमनकाकू बोलतेय. अहो, बॉयलर अगदी शांत झालाय हो. बघा."

मी तो निरोप बायकोला, शालनला, दोनदा ऐकवला. म्हटलं, बघ, याला म्हणतात गिऱ्हाईक. काम झालं की फोन करून सांगणारं. शालन म्हणाली, "गोड बाई आहे." आम्ही समाधानाने जेवलो.

पुढच्या शनिवारी एका बारशाला गेलो, तर लोक माझ्याशी जरा बाजूनेच बोलायला लागले. शेवटी एकाने सांगितलं. डॉक्टर सगळ्यांना म्हणत होते, "आपल्या माणसाला काम द्यावं म्हटलं, तर हे असं. बॉयलर बंद, घरात थंडीने कुडकुडतोय, फोन करूनही मोहिते आला नाही."

मोहिते म्हणजे मी. तसाच ताट ठेवून निघालो आणि थेट त्यांच्या घरी गेलो. बेल अशी दाबली की आत कुत्रं असतं तर भुंकलं असतं.

"कुठे निरोप दिलात तुम्ही? कुणाला?"

डॉक्टर म्हणाले, "मोहिते, रिलॅक्स. सुमनने स्वतः मेसेज ठेवलाय."

"काकू, तुम्ही काय म्हणालात मशीनवर?"

"म्हणाले ना, बॉयलर शांत झालाय म्हणून."

"शांत म्हणजे? ठकठक थांबली, असंच ना?"

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! अहो, ज्योत गेली होती. दिवेलागणीच्या वेळेला घरात बसून 'विझली' असं कसं म्हणायचं? दिवा शांत झाला असंच म्हणतो ना आपण."

आता सांगा. आमच्याकडेही दिवा विझत नाही, कुंकू पुसत नाही, बांगडी फुटत नाही. दिवा शांत होतो, कुंकू आणि बांगडी वाढवतात. मी त्याच भाषेत वाढलो. पण बॉयलर ही देवघरातली वस्तू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जिन्यावर उभी असलेली रोहिणी हसायला लागली. "ओ माय गॉड, आई. यू टोल्ड हिम इट वॉज क्वाएट."

तिथेच हसून संपलं असतं. पण डॉक्टरांचं बोलणं बारशात, दुकानात, पार्किंगमध्ये पोचलेलं होतं. मराठी घरांतून माझ्याकडे येणारे फोन थांबले होते. मोहिते येत नाही, एवढंच आता माझं नाव. धंद्यात नाव म्हणजे तीच ती पायलटची ज्योत. ती असेल तर मोठा जाळ लागतो.

त्यातून बॉयलरचा बिघाड खराच होता. ज्योत अधूनमधून जात होती. डॉक्टर स्वतः लावायला शिकले होते. पण का जाते ते कळेना. अधूनमधून होणारा बिघाड हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नालायक बिघाड. कायमचा बंद पडलेला बॉयलर प्रामाणिक असतो, तो तुमच्यासमोर मरून पडलेला असतो. हा मात्र मेकॅनिक आला की शहाण्या मुलासारखा जळत बसतो. मी गेलो. पायलट साफ केला, थर्मोकपल नवा घातला, गॅसचा दाब पाहिला. ज्योत सरळ, निळी, निश्चल. तासभर समोर बसून राहिलो. काही नाही. घरी पोचून थोडे दिवस गेले की डॉक्टरांचा फोन, "मोहिते, गेली परत." पुन्हा जाऊन बसलो. पुन्हा ती फुलासारखी.

हेही सांगतो की मी दर वेळी मागच्या अंगणातून जायचो. तिथे बेसमेंटला बाहेरून एक तिरपा लोखंडी दरवाजा असतो, पायऱ्या उतरून थेट खाली. डॉक्टरच म्हणायचे, "मोहिते, मागून या, वर कार्पेट आहे." मी बूट काढायला तयार होतो. मला कुणी विचारलं नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या. तुमचा जो काय वेळ गेला त्याचा चेक देतो. मी कंपनीला बोलावतो."

"चेक नको," मी म्हटलं. "वाक्य हवं."

"व्हॉट?"

"संक्रांतीच्या कार्यक्रमात तुम्ही भाषण करणार. तेव्हा माईकवर म्हणायचं. 'मोहित्यांच्या कामात खोट नव्हती, त्यांना दोष दिला ही माझी चूक झाली.'"

डॉक्टर सोफ्यावर मागे रेलले. "चूक जरा स्ट्राँग होतंय."

"बदनामी स्ट्राँग नव्हती?"

"गैरसमज म्हणू. 'थोडा गैरसमज झाला.'"

"थोडा नाही. आणि झाला नाही. कुणाचा ते पाहिजे."

"बरं. 'गैरसमज आमचा होता.'"

"आमचा कोण? काकूंना मध्ये घेऊ नका. माझा म्हणा."

मंडईत भाजी घेताना होते तशी ती घासाघीस झाली. मला त्यात आनंद होतो हे मी लपवत नाही. काकू आतबाहेर करत ऐकत होत्या. वाक्य ठरलं ते असं: मोहित्यांच्या कामात खोट नव्हती, गैरसमज माझा होता. डॉक्टरांनी अट घातली, आधी बिघाड सापडला पाहिजे. मी उलट अट घातली, मी रविवारी येणार, पुढच्या दाराने येणार आणि जेवायला येणार. हत्यारं आणणार नाही. रविवारी तुम्ही जसे राहता तसे राहायचं. घर जगताना कसं श्वास घेतं ते मला बघायचंय.

"दॅट्स वियर्ड," रोहिणी म्हणाली. पण काकू एकदम खूश झाल्या. "या की! आमटी करते, भरली वांगी करते."

तो रविवार मला अजून स्वप्नासारखा आठवतो. दुपारची वेळ, आकाशातून सावकाश उतरणारा बर्फ, आणि पुढच्या दारात मी, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मिठाईचा डबा. काकूंनी आल्या आल्या माझा कोट काढून घेतला. मला वाटलं दाराशेजारच्या कपाटात टांगतील. तर त्या तो घेऊन बेसमेंटच्या जिन्याने खाली गेल्या.

"खाली कशाला?" मी विचारलं.

"फोडणी द्यायचीय ना," जिन्यातून आवाज आला. "वास लागतो कोटाला."

मी बसलो. पोलिश म्हातारीने शिकवल्याप्रमाणे गप्प बसलो. खिडक्यांना थंडी अडवणारं पारदर्शक प्लास्टिक ताणून लावलेलं होतं, त्यातून बर्फ धूसर, दुधी दिसत होता. भिंतीच्या कडेने पाइप तापताना टिक टिक करत होते. तो आवाज इथल्या हिवाळ्याचं घड्याळ. काकूंनी गॅसवरचा मोठा एक्झॉस्ट फॅन पुऱ्या जोरावर लावला. मोहरी तडतडली, हिंग, लाल मिरची, कढीपत्ता. माझ्या डोळ्यांसमोर क्षणभर सोलापूरची दुपार येऊन गेली. रोहिणी नाक धरून म्हणाली, "कॅन आय ओपन अ विंडो?" डॉक्टर म्हणाले, "नको, हीट जाते."

भात वाढला. आमटी वाढली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. वरती फॅन घोंघावत होता. त्याच्या खाली मी तो दुसरा आवाज शोधत होतो, आणि सापडेना. टिक टिक थांबली होती.

मी खरकट्या हाताने उठलो.

"अहो, जेवण तरी करा," डॉक्टर म्हणाले.

मी जिना उतरून गेलो. बॉयलरच्या खोलीचं दार बंद. या दाराला फटी ठेवलेल्या असतात, बॉयलरला हवा मिळावी म्हणून. दार ढकललं तर ते जड लागलं. आतल्या बाजूने त्यावर जाडजूड गोधडी टांगलेली होती, जुन्या लुगड्यांची, खाली जमिनीपर्यंत, आणि तिची कड फटीत नीट खोचलेली. त्या दाराला वर खिळे आहेत हे मी आधीही पाहिलं होतं. पण खिळ्यांना काय विचारणार?

आत कोट टांगलेले होते. डॉक्टरांचा काळा, काकूंचा तपकिरी, रोहिणीचा निळा फुगीर, आणि कडेला माझा. अंधुक उजेडात चार माणसं भिंतीला पाठ लावून उभी असल्यासारखे. आणि बॉयलरच्या पोटात अंधार. ज्योत गेलेली.

मी वर ओरडलो, "काकू, उदबत्ती द्या!"

सगळे जिन्यावर जमले. दार पुन्हा होतं तसं लावून घेतलं, उदबत्ती पेटवली आणि बॉयलरचा धूर छपरावर नेणाऱ्या चिमणीच्या खालच्या तोंडाशी धरली. धूर वर जायला हवा. तो खाली आला. सावकाश, लाटेसारखा, उंबरठ्यावरून घरात येणाऱ्या पाहुण्यासारखा खोलीत उतरला. "फॅन बंद करा!" मी आतून ओरडलो. काकू धावल्या. धूर अडखळला, क्षणभर जागीच गिरकी घेतली आणि वळून वर निघाला. "लावा!" पुन्हा खाली. "बंद!" पुन्हा वर. मीही तो खेळ गरजेपेक्षा जास्त वेळ खेळलो. इतकं सुंदर होतं ते.

खोली स्वयंपाकघराच्या बरोबर खाली होती. पाइप वर जातात तिथे छताला भोकं. फॅन त्या भोकांतून खोलीतली हवा ओढून घ्यायचा, खिडक्या बंद, दाराला गोधडी, मग नवी हवा यायला एकच वाट उरायची, चिमणी. ती उलटी वाहायची आणि त्या झोतात पायलट वाकून जायचा. हसण्यासारखी गोष्ट नव्हती. ज्योत गेली म्हणून वाचले. मोठा जाळ चालू असताना जळलेल्या गॅसचा विषारी धूर असाच घरात उतरला असता तर हा लेख कुणी वेगळ्या सुरात लिहिला असता. कामाच्या दिवशी कोट माणसांबरोबर बाहेर असायचे, गोधडी निघालेली असायची. मी येणार म्हटलं की काकू सगळं आवरून ठेवायच्या, आणि मी मागच्या दाराने हवा घेऊनच आत शिरायचो. कारागीर म्हणून गेलो तेव्हा बिघाड दिसला नाही. पाहुणा म्हणून गेलो तेव्हा त्यानेच माझा कोट टांगून घेतला.

"पण ही गोधडी कशाला, काकू?" मी विचारलं.

काकूंनी रोहिणीकडे पाहिलं. रोहिणी जिन्यावर खाली मान घालून म्हणाली, "बस स्टॉपवर... दे सेड आय स्मेल." आणि वर निघून गेली.

मी त्या दिवशी गोधडी काढून काकूंच्या हातात दिली आणि पुन्हा लावायची नाही असं बजावलं. पुढच्या आठवड्यात बाहेरून त्या खोलीत हवेचा एक कायमचा पाइप आणून दिला. ज्योत नंतर कधी गेली नाही.

संक्रांत आली. एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. शालनने मला नवा स्वेटर घालायला लावला होता. डॉक्टर माईकपाशी आले. संक्रमणाबद्दल बोलले, तिळाच्या पौष्टिकपणाबद्दल बोलले. मग त्यांची नजर माझ्यावर आली, आणि माझ्या मागे कुठेतरी बसलेल्या रोहिणीवर गेली. "आणि हो," ते म्हणाले, "थंडी आहे, आपापल्या बॉयलरची काळजी घ्या." टाळ्या. "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." आणि खाली उतरले.

माझं डोकं तडकलं. मी उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. तिथे सगळ्यांचे कोट टांगलेले होते, लांबच लांब रांगेत. मी माझा शोधत त्यांच्यामधून चालत गेलो, जवळजवळ चेहरा लावून, आणि मध्येच थांबलो. कुठल्याच कोटाला फोडणीचा वास नव्हता. सगळ्यांना बेसमेंटचा वास होता. तापलेलं लोखंड, सिमेंटची ओल, गॅस, तेल. माझ्या धंद्याचा वास, दुसऱ्या कुणाला कळणार नाही असा. आत दोनशे माणसं एकमेकांना गोड बोलत होती आणि बाहेर त्यांचे कोट मला सगळं सांगत होते. किती वेळ उभा होतो कोण जाणे. खिडकीबाहेर बर्फ पडतच होता.

डॉक्टर पार्किंगमध्ये भेटले.

"वाक्य?" मी विचारलं.

"मोहिते, समजून घ्या. मी तसं म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, मग बिघाड होता काय? काय सांगू? रोहिणी तिथे बसली होती."

"माझं नावही तिथेच बसलं होतं, डॉक्टर."

"पुढच्या वर्षी नक्की," ते म्हणाले आणि गाडीवरचा बर्फ हाताने झाडायला लागले. हातमोजे घालायचेही विसरले होते.

पुढच्या वर्षी नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्या थंडीत मी फोनची वाट बघत बसलो नाही, कोटांच्या वासावरून घरं ओळखून स्वतःच गेलो. कुठे गोधडी, कुठे शॉवरचा पडदा, कुठे पुठ्ठे. सगळे काढायला लावले. कुणाचं नाव कुणाला सांगितलं नाही. फोन पुन्हा वाजू लागले, व्हॅनही नवी आली. म्हणून भागलं असं कुणी समजू नये. जे मी स्वतः मिळवलं ते माझं आहे. जे ठरलं होतं ते अजून डॉक्टरांकडे आहे.

डॉक्टर आता निवृत्त होऊन दक्षिणेला राहतात. तिथे बॉयलर लागत नाही, कोट लागत नाही. रोहिणी मोठी झाली, तिच्या घरी फोडणी खिडक्या उघडून होते असं काकूच सांगत होत्या. म्हणजे आता कुणाच्या लाजेची आडकाठी राहिलेली नाही.

मंडळाचा हा अंक तुमच्याकडे येतो, डॉक्टर, आणि तुम्ही तो जाहिरातींसकट वाचता हे मला माहीत आहे. मला सभा नको, माईक नको. फक्त वाक्य पुरं हवं, 'खोट नव्हती' इथे थांबायचं नाही, 'गैरसमज माझा होता' इथपर्यंत. मोहिते म्हातारा झाला, आता शांत झाला असेल, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ऐका: मी अजून शांत झालेलो नाही. माझ्या अर्थानेही नाही आणि काकूंच्या अर्थानेही नाही. उत्तर द्या.